अंतराळवीराच्या डोळ्यांची जबाबदारी

अंतराळ स्थानकावर सहा महिन्यांच्या मुक्कामाला निघालेल्या चाळिशीपुढच्या अंतराळवीरांसाठी नासा वेगळ्या नंबरचे जादा चष्मे सोबत पाठवते. निघताना त्यांना त्या नंबरची गरज नसते. वर गेल्यावर लागेल, असे धरून ते बनवलेले असतात. खबरदारी म्हणून हे शहाणपणाचेच आहे. पण उद्या एखाद्या कारखान्याने नव्या कामगाराच्या हाती रुजू होतानाच कानाचे मशीन ठेवले आणि ‘पुढेमागे लागेल’ असे सांगितले, तर आपण त्या मालकाच्या दूरदृष्टीचे कौतुक करू, की त्याला चार प्रश्न विचारू?

अंतराळवीराला कामगार म्हणणे आपल्याला जड जाते. तो आपल्याला टपालाच्या तिकिटावर भेटतो, शाळेच्या भिंतीवर भेटतो, विमानतळावरच्या हारतुऱ्यांत भेटतो. पण तोही एका संस्थेत नोकरी करतो, त्या नोकरीच्या जागी त्याच्या शरीराला ठरावीक प्रकारची इजा होते आणि ती इजा त्या संस्थेला आधीपासून ठाऊक असते. माझ्या मते लांब मोहिमांत डोळ्यांचे जे होते तो सरळसरळ व्यवसायजन्य आजार आहे आणि कायद्याने, पैशाने, कागदोपत्री तो तसाच हाताळला पाहिजे. भारत स्वतःची माणसे स्वतःच्या यानातून वर पाठवायच्या तयारीत असताना तर हे आधीच ठरायला हवे.

आधी इजा काय आहे ते पाहू. जमिनीवर आपण उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षण रक्ताला आणि शरीरातल्या इतर पाण्याला पायांकडे ओढत असते, आणि हृदय, शिरा, झडपा हे सगळे त्याच्याशी झुंजायला घडलेले असतात. कक्षेत ही ओढ जाणवत नाही, झुंजणारी यंत्रणा मात्र तशीच राहते. सुमारे दोन लिटर द्रव छातीकडे आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात, नाक चोंदल्यासारखे वाटते. हे सगळे काही दिवसांत अंगवळणी पडते. डोळ्यांच्या मागे जे घडते ते सावकाश चालू राहते.

दृष्टीची मुख्य नस डोळ्याच्या मागून निघून मेंदूकडे जाते आणि तिच्याभोवती जे आवरण असते त्यात मेंदूभोवतीचाच द्रव खेळत असतो. त्या द्रवाच्या दाबाचे गणित बिघडले की डोळ्याचा गोल मागून चेपला जातो. गोल चपटा झाला की दृष्टिपटल पुढे सरकते आणि जवळचे धूसर दिसू लागते. डोळ्याची लांबी एका मिलिमीटरने कमी झाली तर चष्म्याचा नंबर जवळजवळ तीनने बदलतो, यावरून ही जागा किती नाजूक आहे ते कळेल. याशिवाय दृष्टीची नस जिथे डोळ्याला मिळते तिथे सूज येते आणि दृष्टिपटलाखालच्या रक्तवाहिन्यांच्या थराला चुण्या पडतात. गोलाचा चपटेपणा आणि या चुण्या परतल्यावरही काही जणांत वर्षानुवर्षे राहिल्या आहेत. या सगळ्या लक्षणांच्या गाठोड्याला सध्या ‘सॅन्स’ म्हणतात. स्थानकावर लांब मुक्काम करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये डोळ्याच्या मागच्या भागात काही ना काही सूज आढळते, असे नासाच सांगते. सगळ्यांची नजर बिघडते असे नाही. बऱ्याच जणांना स्वतःला काही जाणवतही नाही.

कारण काय? सुरुवातीला वाटले, डोक्यातला दाब भलताच वाढत असणार. दवाखान्यात डोक्यातला दाब वाढलेले रुग्ण येतात त्यांच्या डोळ्यांतही अशीच सूज दिसते. पण त्या रुग्णांचे डोके सणकून दुखते, कानात ठोके ऐकू येतात, नजरेसमोर क्षणभर अंधारी येते. अंतराळवीर सहसा यातले काही सांगत नाहीत. २०१७ मध्ये एक फार कल्पक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या उपचारासाठी ज्यांच्या डोक्यात आधीच नळी बसवलेली होती अशा आठ स्वयंसेवकांना विमानातून नेऊन, विमान सूर मारते तेव्हाच्या काही सेकंदांच्या भारहीनतेत त्यांच्या डोक्यातला दाब थेट मोजला. तो आडवे झोपल्यावर असतो त्याहून कमी भरला, पण उभे असताना असतो त्याहून जास्त. म्हणजे दाब कळस गाठत नाही. दिवसाचे सोळा तास उभे राहिल्या-बसल्याने जो उतार आपल्याला फुकट मिळतो, तेवढाच तिथे कधी मिळत नाही. हलका पण चोवीस तासांचा, महिनोन्महिने न हटणारा दाब. ही उकल मला पटते. मात्र तिने सगळे कोडे सुटत नाही. स्थानकातल्या हवेतला जास्तीचा कर्बवायू, ब जीवनसत्त्वांच्या चयापचयातले आनुवंशिक फरक, मिठाचे प्रमाण, वजने ओढण्याचा व्यायाम अशी आणखी संशयितांची रांग आहे.

आता मुख्य मुद्दा. अंतराळ स्थानकावर माणसे नोव्हेंबर २००० पासून सलग राहत आहेत. त्याआधी सोव्हिएत आणि रशियन स्थानकांवर माणसांनी महिनोन्महिने काढले होते. वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये ‘मीर’वर सलग ४३७ दिवस राहिले. तरीही डोळ्यांतल्या या बदलांचे सविस्तर वर्णन करणारा पहिला शोधनिबंध आला तो २०११ मध्ये. सहा महिने राहून आलेल्या सात अंतराळवीरांची त्यात तपासणी होती. सातांपैकी पाच जणांच्या दृष्टीच्या नसेला सूज, पाच जणांचा डोळ्याचा गोल चपटा, पाच जणांच्या डोळ्यांत चुण्या, सहा जणांना जवळचे कमी दिसण्याची तक्रार. त्याच निबंधात सुमारे ३०० अंतराळवीरांच्या जुन्या प्रश्नावल्याही चाळलेल्या होत्या: छोट्या मोहिमांवरच्या २९ टक्क्यांनी आणि लांब मोहिमांवरच्या ६० टक्क्यांनी नजर कमी झाल्याचे नोंदवलेले होते. माहिती कपाटात होती. तिच्याकडे आजार म्हणून कुणी पाहिले नव्हते.

इतका उशीर का झाला? एक कारण अगदी साधे आहे. अंतराळवीर बहुतेक चाळिशीतले, पंचेचाळिशीतले असतात. या वयात जवळचे दिसेनासे झाले तर माणूस म्हणतो, चाळिशी लागली, आणि डॉक्टरही तेच म्हणतो. दुसरे कारण साधे नाही. नासाचे अंतराळवीर जॉन फिलिप्स २००५ मध्ये स्थानकावर सहा महिने होते. मुक्कामाच्या मध्यावर कधीतरी त्यांना खिडकीतून दिसणारी पृथ्वी धूसर वाटू लागली. त्यांनी जमिनीवर कळवले नाही. परतल्यावर आपोआप ठीक होईल असे त्यांना वाटले. परतल्यावर तपासणीत नजर आपल्या हिशेबाने ६/६ वरून ६/३० वर आलेली निघाली. मग एमआरआय, पाठीतून पाणी काढून तपासणी, सगळे झाले. हे त्यांनीच पुढे उघडपणे सांगितले आहे.

२००९ मध्ये स्थानकावर योगायोगाने दोन डॉक्टर एकाच वेळी होते: अमेरिकेचे मायकेल बॅरॅट आणि कॅनडाचे रॉबर्ट थर्स्क. दोघांनाही जवळचे वाचताना त्रास होऊ लागला. दोघांनी एकमेकांचे डोळे तपासले, नसेची सूज त्यांच्या लक्षात आली. मग पुढच्या मालवाहू यानातून चांगला कॅमेरा वर पाठवला गेला आणि शंकेची खात्री झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. रुग्णच डॉक्टर होते आणि त्यांना स्वतःच्या लक्षणांबद्दल बोलायची भीती वाटली नाही, म्हणून गोष्ट पुढे सरकली. २०१३ मध्ये दृष्टिपटलाचे थर न् थर दाखवणारे ओसीटी यंत्रही स्थानकावर बसले. पण दोन डॉक्टर एकत्र असण्याच्या योगायोगावर आरोग्यव्यवस्था उभी करता येत नाही.

अंतराळवीर गप्प का बसतात, हे वैमानिकांच्या घरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मेडिकल कॅटेगरी खाली आली की उड्डाण बंद, आणि उड्डाण बंद म्हणजे ज्यासाठी आयुष्य घालवले तेच बंद. राकेश शर्मा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडले होते. गगनयानासाठी निवडलेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला हे चौघेही त्याच प्रबोधिनीचे. सगळे हवाई दलाचे चाचणी वैमानिक. त्यांच्या धैर्याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. काळजी नेमकी त्या धैर्याचीच आहे. ज्याने वर्षानुवर्षे ‘मी ठीक आहे’ हेच उत्तर द्यायचे शिकलेले असते, त्याच्याकडून ‘अक्षरे जरा पुसट दिसताहेत’ हे वाक्य आपोआप येणार नाही. ते यावे अशी रचना करावी लागते. त्या रचनेचा पहिला नियम असा असावा की उपचार करणारा डॉक्टर आणि पुढच्या उड्डाणाला हिरवा कंदील देणारा डॉक्टर एकच नसावा. ज्याच्यापुढे तक्रार करायची तोच परीक्षक असेल तर तक्रार होणार नाही.

यावर मिळणारे पहिले उत्तर मला माहीत आहे: कुणी आंधळे झालेले नाही, चष्म्याने भागते, एवढा गाजावाजा कशाला? यातले तथ्य नाकारण्यात अर्थ नाही. आजवर सॅन्समुळे कुणा अंतराळवीराची दृष्टी कायमची गेल्याचे प्रसिद्ध झालेले नाही. सूज बहुधा परतल्यावर काही महिन्यांत ओसरते. पण हा दिलासा सहा महिन्यांच्या मोहिमांच्या अनुभवावर बेतलेला आहे. वर्षभर आणि त्याहून जास्त राहिलेली माणसे मोजकीच आहेत. मंगळाची मोहीम साधारण तीन वर्षांची धरतात, तिथून मध्येच परत फिरता येत नाही, आणि मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आहे, ते डोळ्यांना पुरेसे आहे की नाही हे तपासणारा प्रयोग माणसांवर झालेलाच नाही. शिवाय मुक्काम किती लांबेल हे जाणाऱ्याच्या हाती नसते. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ मध्ये आठवडाभराच्या बेताने गेले आणि २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतले. आठ दिवसांच्या मोहिमेला दिलेली संमती नऊ महिन्यांना लागू पडते का? दोघेही कसलेले होते, त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. म्हणून प्रश्न निकालात निघत नाही.

दुसरे उत्तर असे की हे लोक स्वखुशीने जातात. खाणीतही माणूस स्वखुशीनेच उतरतो. स्वखुशीचा दाखला देऊन इजेची जबाबदारी झटकता येत नाही, हे तत्त्व आपल्या कायद्याने फार जुन्या काळी मान्य केलेले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी होती आणि त्या यादीत चक्क डोळ्यांचा आजार होता: भट्टीसमोर काम करणाऱ्यांना अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदू. काच वितळवणाऱ्याला मोतीबिंदू झाला तर तो त्याच्या वयामुळे की भट्टीमुळे, हा वाद त्याने एकट्याने जिंकायचा नाही. तशा कामावर असताना तसा आजार झाला की तो कामामुळेच झाला असे धरून चालायचे आणि उलट सिद्ध करायचे ते मालकाने. इतकी साधी आणि न्याय्य रीत काच कारखान्यासाठी सुचू शकली, तर अंतराळासाठी का सुचू नये? आणि मोतीबिंदू हा विषय अंतराळालाही परका नाही. वैश्विक किरणांचा जास्त मारा सोसलेल्या अंतराळवीरांत मोतीबिंदूचे प्रमाण जास्त असल्याचे २००१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. अपोलो-११ च्या वेळी बझ ऑल्ड्रिन यांना अंधारात डोळे मिटल्यावर दिसलेल्या प्रकाशाच्या ठिणग्याही याच किरणांच्या.

अमेरिकेलाही ही अक्कल उशिराच आली. तिथे नासा निवृत्त अंतराळवीरांना वर्षातून एकदा तपासणीसाठी ह्यूस्टनला बोलवत असे, पण त्या तपासणीत काही निघाले तर उपचार करण्याचा अधिकार तिला नव्हता. म्हणजे अभ्यासाला शरीर हवे, खर्चाला नको. जून २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे या विषयावर सुनावणी झाली. ३४० दिवस स्थानकावर काढून नुकतेच निवृत्त झालेले स्कॉट केली आणि त्यांच्यासारखे इतर तिथे साक्षीला होते. मार्च २०१७ मध्ये कायदा झाला आणि सरकारी अंतराळवीरांच्या मोहिमेशी निगडित आजारांची तपासणी, निदान आणि उपचार आयुष्यभर करण्याचा अधिकार नासाला मिळाला. पहिला अमेरिकी माणूस अंतराळात गेला १९६१ मध्ये. मध्ये ५६ वर्षे गेली.

खासगी प्रवाशांची गोष्ट निराळी आणि जास्त काळजीची. अमेरिकी कायद्यानुसार कंपनीने प्रवाशाला धोके लेखी सांगायचे आणि त्याची सही घ्यायची. प्रवाशाच्या सुरक्षिततेचे नियम करायला मात्र तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाला मुभाच नाही, आणि ही बंदी वाढत वाढत २०२८ पर्यंत गेली आहे. पैसे भरून आठवडाभर फिरून येणाऱ्या अब्जाधीशाची मला फारशी चिंता नाही. पण हेच धंदे उद्या पगारी तंत्रज्ञ, वायरमन, वेल्डर वर पाठवतील तेव्हा त्या सहीच्या कागदाला काय किंमत असेल, हे आपल्याकडच्या कंत्राटी कामगाराला विचारावे.

आपल्याकडे काय आहे? अंतराळविषयक कामांच्या विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांच्या अभिप्रायासाठी ठेवला गेला होता. २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले. त्याचा भर खासगी उद्योगांना दार उघडण्यावर आहे, आणि तो योग्यही आहे. कुणी म्हणेल, आपले अंतराळवीर फौजी अधिकारी आहेत, लष्करी रुग्णालये आहेत, निवृत्तीनंतर ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, मग वेगळे काय हवे? फौजेत ज्यांच्या घरचे कुणी आहे त्यांना ‘सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला’ हे शब्द चांगले माहीत असतील. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन या शब्दांवर अडते आणि त्यासाठी लोक न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवतात. पासष्टाव्या वर्षी काचबिंदू झालेल्या माजी अंतराळवीराने तो पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोहिमेमुळे बळावला हे कसे सिद्ध करायचे? आणि २०३५ पर्यंत उभ्या राहायच्या आपल्या अंतराळ स्थानकावर फक्त फौजीच जाणार नाहीत. शास्त्रज्ञ, अभियंते, विद्यापीठातले संशोधक जातील, जायलाच हवेत. त्यांच्यामागे ईसीएचएस नसेल.

आणखी एक वाट आहे, आणि ती फार मोहक असल्यामुळे तिचीच मला धास्ती वाटते. डोळ्यांचा त्रास झालेल्या अंतराळवीरांच्या रक्तात काही द्रव्यांचे प्रमाण उड्डाणाच्या आधीपासूनच वेगळे असल्याचे २०१२ मध्ये दिसले, आणि पुढे त्याचा धागा ब जीवनसत्त्वांच्या चयापचयाशी संबंधित जनुकांतल्या फरकांपर्यंत गेला. संशोधन म्हणून हे मोलाचे आहे. कदाचित साध्या जीवनसत्त्वाच्या गोळीने काही साधेल. पण व्यवस्थापनाला यातून दुसरेच सुचू शकते: अमुक जनुके असलेल्यांना निवडायचेच नाही. जागा सुधारण्याऐवजी माणसे चाळायची, ही मालकांची जुनी खोड आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला मनाई आहे. आपल्या निवड नियमांतही असे काही आधीच लिहिलेले असावे, निदान चर्चेला तरी यावे.

जागा सुधारण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते अजून अपुरे आहेत. रशियन लोक ‘चिबीस’ नावाची विजार वापरतात. तिच्यात कमरेखाली हवेचा दाब कमी करून रक्त पायांकडे ओढले जाते. मुख्यतः परतीच्या आधी शरीराला सवय लागावी म्हणून ती घालतात. अमेरिकेत झोपेच्या वेळी याच तत्त्वावरची पिशवी वापरून पाहण्याचे प्रयोग जमिनीवर झाले आहेत. जर्मनीत कोलोनला स्वयंसेवकांना डोके सहा अंश खाली ठेवून आठवडेच्या आठवडे झोपवतात, उशीसुद्धा देत नाहीत. जेवण, आंघोळ, सगळे तसेच. तिथे २०१७ च्या ३० दिवसांच्या प्रयोगात हवेत कर्बवायू वाढवल्यावर अकरापैकी पाच जणांच्या डोळ्यांच्या नसेला सूज आली. २०१९ मध्ये तिथेच ६० दिवसांच्या प्रयोगात रोज अर्धा तास गरगर फिरवून कृत्रिम गुरुत्व देऊन पाहिले, तेवढ्याने सूज थांबली नाही. हे स्वयंसेवक कुठल्याही तिकिटावर झळकणार नाहीत, पण या विषयात जे थोडेफार खात्रीने सांगता येते त्यातले पुष्कळ त्यांच्या आडवे पडण्यातून आले आहे.

किती गुरुत्व दिले तर शरीर ठीक राहते, या प्रश्नासाठीच अंतराळ स्थानकाला एक स्वतंत्र कक्ष जोडायचे ठरले होते. त्यात अडीच मीटर व्यासाचे फिरते चक्र असणार होते आणि छोट्या प्राण्यांना हवे तेवढे गुरुत्व देऊन वाढवता येणार होते. जपान तो बांधत होता. २००५ मध्ये नासाने खर्च वाचवण्यासाठी तो रद्द केला, आणि त्याचा अर्धवट सांगाडा जपानमध्ये त्सुकुबाच्या अंतराळ केंद्राच्या आवारात उघड्यावर मांडून ठेवला आहे. ज्या वर्षी फिलिप्स यांना पृथ्वी धूसर दिसली त्याच वर्षी हे घडले. मंगळावर वस्ती करण्याच्या घोषणा त्यानंतर कितीतरी झाल्या. चंद्राचे गुरुत्व एक षष्ठांश, मंगळाचे दोन पंचमांशाच्या आत. यांपैकी कुठले पुरेल हे विचारणारा सर्वांत साधा प्रयोग मात्र खर्चाच्या वहीत खोडला गेला. घोषणा करणाऱ्यांना हे विचारायला हवे.

आपल्या स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये नेण्याचे नियोजन आहे. तिथे दुसऱ्यांनी आधीच करून झालेले प्रयोग नव्याने करत बसण्यात मला रस नाही. छोटे का होईना, फिरते चक्र आपल्या स्थानकावर असावे आणि त्यात डोळे व रक्ताभिसरण यांवर दीर्घ प्रयोग व्हावेत. ज्या देशाला २०४० पर्यंत माणूस चंद्रावर उतरवायचा आहे त्याने एक षष्ठांश गुरुत्वात डोळ्याचे काय होते हे आधी पाहून घेणे, एवढीच ही मागणी आहे. अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेत जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर केलेल्या भारतीय प्रयोगांत मूग आणि मेथीच्या मोडांबरोबरच संगणकाच्या पडद्यावर नजर कशी फिरते आणि कशी ठरते याचाही अभ्यास होता. म्हणजे आपल्या संशोधकांना या विषयाचे वावडे नाही.

अडचण खरी आहे ती माहिती उघड करण्याची. नासाने शेकडो अंतराळवीर पाठवले तरी कुणाचे डोळे कसे आहेत हे छापताना त्यांना वय, लिंग, मोहीम सगळे पुसावे लागते, कारण एवढ्याशा गोतावळ्यात माणूस लगेच ओळखू येतो. आपले चारच आहेत. चौघांपैकी एकाच्या डोळ्याला सूज, असे छापले तर ते नाव छापल्यासारखेच. या सबबीवर सगळेच गुलदस्त्यात ठेवण्याचा मोह होईल, आणि आपल्या संस्थांना तो जरा जास्तच होतो. मला वाटते मधला मार्ग निघू शकतो. तपासणीची माहिती अंतराळवीराच्या मालकीची. त्याच्या परवानगीने ती इतर देशांच्या माहितीत मिसळून प्रसिद्ध करायची, म्हणजे एकटा उघडा पडत नाही. आणि परवानगी नाकारली म्हणून पुढच्या मोहिमेतून त्याचे नाव गळणार नाही, हे लेखी. परवानगी दिली तर तेवढ्यावरून गळणार नाही, हेही लेखी. हे काम अंतराळ विभागाच्या बाहेरच्या, डॉक्टरांच्या स्वतंत्र समितीकडे असावे. बंगळुरूची हवाई दलाची वैद्यक संस्था प्रशिक्षणात आणि निवडीत गुंतलेली आहे; तिच्याकडेच हेही सोपवणे म्हणजे पुन्हा परीक्षक आणि डॉक्टर एकच.

२०११ च्या त्या निबंधात एक तपशील आहे. सातांपैकी चौघांच्या पाठीतून पाणी काढून दाब मोजला तेव्हा तो २१ ते २८.५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका भरला, म्हणजे नेहमीच्या मर्यादेहून थोडा ते बराच जास्त. पण उड्डाणाच्या आधी त्यांचा दाब किती होता याची नोंद नव्हती, कारण तेव्हा मोजायचे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. त्यामुळे तो आकडा वाढला की मूळचाच तसा होता, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. गगनयानाची पहिली फेरी तीनच दिवसांची आहे आणि तेवढ्यात डोळ्यांना काही होण्याची शक्यता फार नाही. तरीही त्या फेरीआधी चौघांच्याही दोन्ही डोळ्यांचे ओसीटी, डोळ्याच्या लांबीचे माप, मेंदूचा आणि डोळ्यांचा एमआरआय हे सगळे एकाच ठरावीक पद्धतीने नोंदवावे, परतल्यावर पुन्हा नोंदवावे आणि मग दरवर्षी, ते हयात असेपर्यंत. या तपासण्यांची यंत्रे पुण्या-मुंबईतल्या बऱ्यापैकी मोठ्या कुठल्याही रुग्णालयात आहेत. खर्च नगण्य आहे. हवे आहे ते एक कलम, ज्यात लिहिलेले असेल की या तपासण्यांचा आणि त्यांतून निघणाऱ्या उपचाराचा खर्च सरकार करेल आणि आजार मोहिमेमुळे झालेला नाही असे म्हणायचे असेल तर ते सरकारने सिद्ध करायचे. पहिले भारतीय यान माणसे घेऊन निघण्याच्या आधी ते कलम संसदेत मंजूर झालेले असावे.